थोडं डावीकडे

एका गुरुवारी जेवताना फर्मीन चापारोने जाहीर केलं, की लग्नाआधी तो डोळ्यांवर लेझर मारून घेणार, नव्या डोळ्यांनी परत येणार, आणि गावात कुत्र्यालासुद्धा पत्ता लागणार नाही.

"कुठल्या गावात?" त्याच्या आईने, ओतिलियाबाईंनी, विचारलं.

"आपल्या."

ओतिलियाबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला. कुणाची कीव आली की त्या बटाटा वाढत.

तळ्याकाठचं आकितानिया गाव पातीच्या कांद्यावर जगतं. कांदा उपटायचा, सोलायचा, जुड्या बांधायच्या, ट्रकवर चढवायच्या. सोलायला बायाबाप्ये गोल करून बसतात, आणि कांद्याची साल काढून झाली की माणसांची काढतात. अशा गावात फर्मीनने एक गुपित बारा वर्षं टिकवलं होतं, हाच खरं तर चमत्कार. बाकीचे चमत्कार पुढे येतील.

गुपित असं, की फर्मीनला दिसत नव्हतं. उणे आठ. लेन्स काढल्या की त्याला स्वतःचा हात दिसे, हातातला घास दिसत नसे. पण लेन्स घातल्या की तो गावातला सगळ्यात तिखट नजरेचा माणूस. तेहो खेळायला उभा राहिला की वीस पावलांवरून लोखंडी चकती अशी भिरकावायचा, की समोरच्या मातीत खोचलेली दारूगोळ्याची पुडी ठो करून फुटायची. त्याला सगळे 'ससाणा' म्हणत. पोरं म्हणायची, ससाण्याला तळ्याच्या पलीकडच्या काठावरची मेंढी नर आहे का मादी ते कळतं. फर्मीन यावर फक्त हसायचा. खोटं बोलण्याची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

यामिलेसुद्धा त्याला ससाणाच समजत होती. ती रुआना, म्हणजे अंगभर पांघरायच्या लोकरी शाली, विणायची, चौकासमोरच्या माडीत खिडकीशी बसून. प्रेम तिथूनच सुरू झालं. एका संध्याकाळी फर्मीन चौकात उभा होता आणि तिने खिडकीतून हात केला. रोज करू लागली. नेहमी त्याच्या थोडं डावीकडे बघून. किती लाजाळू मुलगी, फर्मीनला वाटलं, थेट बघतसुद्धा नाही. सहा महिन्यांनी त्याने मागणी घातली.

आता लग्न तोंडावर आलं होतं. आणि लग्न झालेल्या माणसाला लेन्स कुठे काढता येतात? उशाशी ती डबी, ते पाणी, आणि मग तो अंधपणे चाचपडत पलंग शोधणार. म्हणून लेझर.

"आणि सांगूनच टाकलं तर?" आई म्हणाली.

"तिने ससाण्याला होकार दिलाय, आई. वटवाघळाला नाही."

आईने तिसरा बटाटा वाढला.

सोगामोसोतल्या डोळ्यांच्या डॉक्टर पिन्सोनबाई चणीने लहान होत्या आणि घाई कशाचीच करत नसत. फर्मीनला हे पटलं नाही. त्याला वाटलं होतं, बसायचं, डोळे उघडायचे, ठिणगी उडणार आणि शेवटच्या बसने घरी.

"आधी लेन्स बंद," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे. लेन्सने बुबुळाचा आकार दबतो, मापं चुकतात. तोवर चष्मा. मग मोजू. बुबुळ पुरेसं जाड आहे का, नंबर स्थिर आहे का, डोळे कोरडे पडतात का, सगळं बघू. आणि मग ठरवू, करायचं का."

"करायचंय ना. मी ठरवूनच आलोय."

"मी अजून ठरवलेलं नाही."

फर्मीनने हळूच विचारलं, "तेव्हा झोपवतात ना?"

"नाही. जागं राहायचं. थेंबांनी डोळा बधिर करतो. तुम्ही फक्त हिरव्या दिव्याकडे बघत राहायचं."

"आणि नाही बघितलं तर?"

"यंत्र आपोआप थांबतं."

"आणि यंत्र नाही थांबलं तर?"

"मी थांबवते."

"आणि त्याच वेळी तुम्हाला शिंक—"

"चापारो, अजून मोजलंसुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये त्याने प्रत्येक हिरव्या गोष्टीकडे न बघण्याचा प्रयत्न केला. त्या खोऱ्यात तळ्यापर्यंत नुसता कांदाच लावलेला असतो, त्यामुळे त्याला पूर्ण वेळ डोळे मिटून बसावं लागलं.

"रोज स्वतःच्या डोळ्यात बोट घालतोस," घरी आल्यावर आई म्हणाली. "तेव्हा भीती नाही वाटत?"

"बोट माझं असतं."

आईने मग सांता लुसियाची तसबीर भिंतीवरून काढून त्याच्या पलंगासमोर लावली. सांता लुसिया डोळ्यांची संत. ती हातात ताट घेऊन उभी असते आणि ताटात तिचेच दोन डोळे असतात. आधीच घाबरलेल्या माणसाला झोपताना बघायला हे चित्र फारसं बरं नाही.

चष्मा होता. आठवीतला. एक काडी तुटलेली, कांद्याच्या जुड्या बांधायच्या निळ्या सुतळीने जोडलेली. फर्मीनने तो लावून आरशात पाहिलं. जाळ्यातून नुकताच बाहेर काढलेला मासा त्याच्याकडे बघत होता. शिवाय नंबर जुना, म्हणजे मासासुद्धा अंधुकच. चष्मा खणात गेला आणि फर्मीनने ठरवलं की दोन आठवडे तो आठवणीवर काढणार. गाव पाठ होतं. काय बिघडणार होतं?

पहिल्या दिवशी चौकात त्याने मिसाएलकाकांना नमस्कार केला. मिसाएलकाका तेहोच्या संघाचे कप्तान, नेहमीसारखे रुआना पांघरून उभे. उत्तर आलं नाही.

"रागावलात का काका? रविवारी येतो ना खेळायला."

गप्प. फर्मीनने बराच वेळ समजूत काढली, खांद्यावर हात ठेवला, आणि खांदा फार गार लागला. तो दिव्याचा खांब होता. नाक्यावरचा चांभार आपली रुआना रोज त्यावर वाळत घालत असे. मिसाएलकाका मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि काहीच न बोलता निघून गेले. वयस्कर माणसं अशा वेळी बोलत नाहीत. घरी जाऊन बायकोला सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्याने कांद्याच्या पंधरा जुड्या ट्रकमध्ये नीट रचल्या. ट्रक जरा ठेंगणा वाटला, आत मखमल वाटली, पण त्याने मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने सोगामोसोहून आलेली शववाहिका कांद्यासकट चर्चसमोर जाऊन उभी राहिली. मयताची बहीण म्हणाली की भावाला कांदा आवडायचा खरा, पण हे कुणी केलं?

"पोरं ज्याला ससाणा म्हणून हाका मारत होती, त्याने," चालक म्हणाला. "सरळ मागचं दार उघडून ठेवून गेला. मला वाटलं इथली पद्धत आहे."

सोलणाऱ्या बायकांचं वर्तुळ त्या संध्याकाळी फार उशिरा उठलं.

पण गावाची खात्री पटली ती शनिवारी. बाजारात फर्मीनला यामिले दिसली. तोच निळा झगा, तीच वेणी, तीच चाल. त्याने मागून जाऊन अलगद दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाला, "आज आईला चुकवून आलात वाटतं."

"आई इथेच आहे," यामिलेची आई म्हणाली.

त्रान्सितोबाई. गावातली एकमेव बाई जिच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आटोपतं घेत. फर्मीनने दंड सोडला नाही, कारण हात ऐकायचाच बंद झाला होता. दुसरी कुणी असती तर तिथेच मुस्काटात मारली असती. पण त्रान्सितोबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्या कानाकडे बघून गयावया करत होता. त्यांच्या डोक्यात खांब, शववाहिका आणि स्वतःचा दंड या तीन गोष्टी एकत्र आल्या.

"अरे माझ्या लेकरा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

फर्मीनला हे काही कळलं नाही. कानाखाली न बसता सुटलो, एवढंच त्याला दिसलं. म्हणजे दिसलं असं नाही.

रविवारी तो चर्चला गेला. दारावर एक भलामोठा फलक लावला होता, त्याखाली लोक जमले होते. त्याला वाट करून देण्यात आली. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. गाव आज किती मायाळू झालंय, त्याला वाटलं.

"आपल्यातल्या एका तरुणाच्या डोळ्यांतला प्रकाश विझत चालला आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "त्यावर ऑपरेशन असेलच कुठेतरी. त्यासाठी येत्या रविवारी मदतीचा बझार भरवू. तेहो, संगीत, भाजलेलं मटण. ज्याला जे जमेल ते द्यावं."

फर्मीनचं काळीज हललं. बिचारा कोण असेल? यामिले दोन बाकं पुढे बसलेली असणार, निदान तसा निळा रंग तिथे होता. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझ्याकडून एक मेंढी."

मागच्या बाकावरून हुंदका आला. मग पुढच्या. मग सगळीकडून. मिसाएलकाकांनी टोपी तोंडावर धरली.

"काय झालं?" फर्मीनने आईला विचारलं.

"दारावरच्या फलकावर," ओतिलियाबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "तुझा फोटो आहे."

चर्चबाहेर यामिलेने त्याला गाठलं. या वेळी त्याने आधी आवाजाची खात्री करून घेतली.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी काय सोडून गेले असते? मी तुमचे डोळे होईन. आंधळ्या माणसाशीसुद्धा मी आनंदाने लग्न करीन."

खरं सांगून टाकण्याची ही सुवर्णसंधी होती, हे वाचकांना कळतंय. फर्मीनलाही कळलं. पण त्याचं मन भलत्याच वाटेने गेलं. आंधळ्याशी करील, तो विचार करत राहिला. आंधळेपणात निदान काही मोठेपणा आहे. पण माशासारख्या चष्म्यातल्या माणसाशी? त्यात काय आहे? त्यात नुसती सुतळी आहे.

"तुम्ही फार चांगल्या आहात," तो म्हणाला. यामिलेच्या थोडं उजवीकडे बघून.

त्या आठवड्यात त्याला कुणी काम करू दिलं नाही. शेजारणींनी गुळाचं गरम पाणी आणून दिलं, चांभाराने काठी करून दिली, आणि त्रान्सितोबाई रोज येऊन त्याला चीज भरवायच्या, स्वतःच्या हाताने, कारण चमचा तो डोळ्यात घालील अशी त्यांना भीती होती. आता त्याला लेझर नको होता. हिरवा दिवा स्वप्नात येत होता आणि त्या दिव्यामागे कुणीतरी सारखं शिंकत होतं. पण सगळं गाव ज्या ऑपरेशनसाठी मेंढ्या कापणार होतं ते भीती वाटते म्हणून रद्द कसं करणार?

शेवटी त्याने हा प्रश्न सांता लुसियावर टाकला. बझारमध्ये आपण एकदा तेहोची चकती फेकू. पुडी फुटली, तर ऑपरेशन. नाही फुटली, तर उभ्या जागी सगळं कबूल करू, लेन्स, चष्मा, सुतळी, सगळं. संतांशी केलेला करार होता, त्यात फसवणूक चालत नाही. फक्त एवढंच, की नेम चुकवायचा असं त्याने मनातल्या मनात पक्कं ठरवलं.

रविवारी सगळं गाव तेहोच्या मैदानात उतरलं. बँडवाले वाजवत होते, मटणाचा धूर तळ्याकडे चालला होता, बीअरचे खोके उतरत होते. फर्मीनने चकती मागितली तेव्हा गलका थांबला.

"एकदाच टाकू दे पोराला," मिसाएलकाका म्हणाले. "पुढे आठवण म्हणून."

त्यांनी त्याला रेषेवर आणून उभं केलं. समोर कुठे बँड, कुठे पुडी, फर्मीनला काही कळत नव्हतं, पण हाताला वाट पाठ होती. सरळ फेकली तर फुटणारच, त्याला वाटलं. तेव्हा आपण थोडं डावीकडे फेकू.

आता झालं होतं असं, की मिसाएलकाकांना बँडची काळजी होती. आंधळ्या पोराच्या हातून ढोलवाला दगावू नये म्हणून त्यांनी फर्मीनचे खांदे धरून त्याला हळूच उजवीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळवलं होतं. तेव्हा फर्मीनने थोडं डावीकडे फेकलेली चकती अगदी मध्यावर गेली.

ठो.

एक नाही, शेजारच्या दोन पुड्याही गेल्या. धुराचा लोट उठला. ढोलवाला पळाला. कुणीतरी गुडघ्यांवर बसलं आणि मग ती लाटच आली. सगळं मैदान गुडघ्यांवर.

"दिसलं त्याला," त्रान्सितोबाई म्हणाल्या. "माझ्या जावयाला दिसलं."

फर्मीन तोंड उघडं टाकून उभा होता. त्याला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, ती म्हणजे हिरवा दिवा.

पाद्रीबाबा चमत्कारांच्या बाबतीत सावध होते. मागे एकदा त्यांनी रडणारी मूर्ती जाहीर केली होती आणि नंतर छप्पर गळतंय असं निघालं होतं. "आधी डॉक्टरांना दाखवू," ते म्हणाले. त्यामुळे तपासणीच्या दिवशी फर्मीनबरोबर सोगामोसोच्या बसमध्ये आई, यामिले, त्रान्सितोबाई, मिसाएलकाका आणि स्वतः पाद्रीबाबा बसले. पिन्सोनबाईंच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या.

"ही सगळी मंडळी?" बाईंनी विचारलं.

"चमत्कार झाला आहे का, ते बघायला," मिसाएलकाका म्हणाले.

बाईंनी मान डोलावली, जणू रोजच बघायला येतात. त्यांनी फर्मीनची हनुवटी यंत्रात ठेवली, दिवे लावले, मापं घेतली, पापणीखाली कागदाच्या पट्ट्या अडकवल्या आणि त्या भिजायची वाट पाहिली. कोपऱ्यात ओतिलियाबाई बटाटा वाढता येत नाही म्हणून अस्वस्थ होत्या.

"दोन आठवडे लेन्स घातल्या नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"नाही," फर्मीन म्हणाला, आणि डोळे मिटले.

"कसल्या लेन्स?" यामिलेने विचारलं.

बाईंनी, काही न कळून, सगळं सांगितलं. उणे आठ. बारा वर्षं. कुठलाही प्रकाश विझत नाहीये, होता तसाच आहे, म्हणजे मुळात नव्हताच.

"आम्ही मेंढ्या खाल्ल्या," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

"बुबुळ उत्तम आहे," बाई पुढे म्हणाल्या. "नंबर स्थिर. अश्रू तर एवढे, की पट्टी टोकापर्यंत भिजली."

"तो रडतोय," आईने सांगितलं.

"असं होय. ते परत मोजू. पण एकंदरीत ऑपरेशन करता येईल. आता मला सांगा, करायचंय कशासाठी? चष्म्याचा त्रास होतो?"

"चष्मा लावतच नाही."

"लेन्सचा?"

"नाही."

"मग?"

फर्मीनने यामिलेच्या दिशेने बोट केलं. "हिला मी चष्म्यात दिसू नये म्हणून."

"तसं असेल तर," पिन्सोनबाई म्हणाल्या, "तुम्ही चुकीच्या माणसाचे डोळे घेऊन आलात. करता येतं म्हणून करायलाच हवं असं नसतं. भीती वाटते?"

"फार."

"तर आज नको. चष्मा लावा, घरी जा, विचार करा. डोळे कुठे पळून जात नाहीत." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तो तक्ता बघा म्हणजे तुमचा नंबर लिहून देते. तुम्हीही बघा हवं तर," त्या यामिलेला म्हणाल्या, "म्हणजे त्यांना काय दिसत नाही ते कळेल."

यामिले रागाने लाल झाली होती. तिने भिंतीकडे मान वळवली.

"कुठला तक्ता?" ती म्हणाली.

पिन्सोनबाईंनी पेन खाली ठेवलं. "समोरचा. पांढरा. त्यावरचं मोठं अक्षर दारापासूनसुद्धा दिसतं."

"समोर तर धुकं आहे."

"खोलीत?"

"म्हणजे, नेहमी असतं तेवढंच. तळ्यावरचं." यामिले जरा गोंधळली. "सगळीकडे असतं ना ते?"

विणताना लोकर हातात असते. सुई नाकाशी असते. त्यापलीकडचं जग धुक्यात असतं असं यामिले लहानपणापासून समजत आली होती, आणि आकितानियात ते पटण्यासारखं होतं. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, दोन-चार काचा बदलल्या. उणे पाच.

त्रान्सितोबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे, नाकापासून पायांपर्यंत.

"आता कळलं," त्या म्हणाल्या, "हिने होकार कसा दिला."

गावाला समजवायचं काम पाद्रीबाबांनी केलं. बझार डोळ्यांसाठी होता, डोळेच निघाले, कुणाचे हा तपशील. पुढच्या आठवड्यात पिन्सोनबाई स्वतः गावात येऊन बसल्या, बझारच्या पैशांतून चष्मे वाटले गेले आणि अर्ध्या गावाचं धुकं उठलं. मिसाएलकाकांचंसुद्धा. तेव्हापासून त्यांचा नेम बिघडला तो बिघडलाच.

यामिलेचा चष्मा आला त्या संध्याकाळी फर्मीन चौकात उभा राहिला. नव्या, जाड, सुतळी नसलेल्या चष्म्यात. लग्न व्हायचं की नाही हे ती अजून बोलली नव्हती. माडीवरची खिडकी उघडली. यामिलेने चष्मा लावला आणि चौकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात केला नाही. खिडकी बंद झाली.

मग ती खाली आली. त्याच्याजवळून तशीच पुढे गेली, थोडं डावीकडे, आणि दिव्याच्या खांबासमोर उभी राहिली. त्यावरची रुआना वर-खाली न्याहाळली. परत आली.

"रोज संध्याकाळी मी हात करायचे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला नव्हते करत."

फर्मीनने खांबाकडे पाहिलं. खांब उंच होता, सरळ होता, आणि त्याला चष्मा नव्हता.

"मला वाटलं, लाजताय," तो म्हणाला.

"मला वाटलं, हा माणूस किती गंभीर, कधी उलट हातसुद्धा करत नाही. मग एक दिवस तुम्ही येऊन मागणी घातलीत. म्हटलं, अखेर बोलला." तिने फर्मीनच्या चष्म्याकडे जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं, मग काच पुसून पुन्हा पाहिलं.

"मग लग्न?" फर्मीनने विचारलं.

यामिलेने पुन्हा एकदा मागे वळून खांबाकडे नजर टाकली.

"त्याने अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली. "तोवर तुमचंच धरून चालू."